दोन दप्तरांच्या मेळाची बखर

श्रीगजाननास आणि यंत्र जागे ठेवणाऱ्या विजेस वंदन करोन लिहिले जाते जे, शके १९४७, विश्वावसू नाम संवत्सरी, कार्तिक मासी वैजयंतीताईंनी आपल्याच कचेरीतील धाकट्या मृदुलाबाईंस बजाविले की, "यंत्राला पुसायचा हुकूम देतेस, पण त्याआधी विचारायचा दे." मृदुलाबाई हसोन बोलिल्या, "ताई, सारखं विचारायला तो काय माझा नवरा आहे?" आणि गोष्ट उडवोन लाविली.

राज्यास दप्तरे दोन: एक घरचे, बाईंच्या लॅपटॉपावर; दुसरे दूरचे, सर्व्हरावर, जेथे सर्व मंडळी आपापले काम पाठवीत. प्रत्येक कामाची शाखा, म्हणजे स्वतंत्र प्रत, वेगळी. दोहींकडील शाखा हाताने जुळवावयास बसले की बाळराजे रडो लागत, म्हणोन बाईंनी स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राने आपोआप पाळावयाची हुकुमांची यादी, रचिली की, दूरचे नवे ते घरी आणावे आणि दूर जे नाही ते घरचेही पुसावे. मग एके सकाळी बाळराजे मांडीवर असता हुकूम सुटला, आणि लसीच्या तारखा मातांस कळविणारी शाखा नाहीशी जाहली. कारण अर्धवट काम लोकांस काय दाखवावे म्हणोन बाईंनी ती दूर पाठविलीच नव्हती. बाळंतपणाच्या रजेनंतरची पहिलीच मोहीम, दुपारी धन्यांसमोर मांडणे, न मांडिल्यास चाकरी जाते ऐसा प्रसंग. बाईंनी ताईंस फोन लाविला. ताई बोलिल्या, "आधी बाळाला खाली ठेव. शाखेचं नाव पुसलं गेलंय, काम नाही. मागची पावलं यंत्र काही काळ जपून ठेवतं." मग ताई सांगत गेल्या, बाई लिहीत गेल्या, आणि शाखा होती तैसी उभी राहिली. 'मी सांगितलं होतं' ऐसे ताईंनी एकदाही म्हटले नाही, हा उपकार थोर. इतकेच बोलिल्या, "अर्धवट असलं तरी संध्याकाळी पाठवत जा. मूल रडलं की घरात आहे एवढं तरी कळतं." मोहीम फत्ते जाहली. तेव्हापासोन स्क्रिप्ट आधी विचारते, मग पुसते. आणि बाई रोज सायंकाळी जे असेल ते पाठवितात, ताईही पाठवीत.

तात्पर्य, चाकरी राहिली ती ताईंमुळे. परंतु परवापासोन स्क्रिप्ट ताईंच्या शाखेपुढे 'दोहींकडे समान' इतकेच लिहिते, म्हणजे तिकडोन नवे काही आलेच नाही. ताई एकट्या राहतात, फोन उचलीत नाहीत. आणि बाळराजांस ताप, बाईंस उंबरा ओलांडवत नाही. तरी वाचणारांपैकी जो नदीपलीकडे असेल त्याने आजच पिठाच्या गिरणीवरील ताईंच्या खोलीचे दार वाजवावे. उघडिल्यास सांगावे की, मृदुला म्हणते, अर्धवट असलं तरी पाठवा.