तीन एक्के आणि एक शून्य

टीम कशी बांधावी, हे मला विचारा! कंपनीच्या भांडारात एकोणीस वर्षं काढली आहेत. साडेचार हजार वस्तू, प्रत्येकीचं कार्ड, प्रत्येक कार्डावर माझी सही. खिळ्यापासून खुर्चीपर्यंत काय किती शिल्लक आहे, ते मी झोपेतही सांगतो. (बायको म्हणते, झोपेत तेवढंच सांगता.) मग बास्केटबॉलचे पाच गडी निवडणं म्हणजे काय मोठंसं!

झालं असं, की कंपनीची नवी इमारत उभी राहिली. सगळ्या खात्यांना खोल्या वाटून शेवटी दोनच उरल्या. एक तिसऱ्या मजल्यावर, दोन खिडक्या, समोर झाड. दुसरी तळघरात, जनरेटरला खेटून. आणि उमेदवार दोन: आमचं भांडार आणि पॅकिंग. जुन्या इमारतीतही आम्ही तळघरातच होतो. बाहेर पाऊस पडतोय की नाही, हे आम्हाला लोकांच्या बुटांवरून कळायचं! आमचे डायरेक्टर एके काळी बास्केटबॉल खेळायचे, आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. म्हणाले, "भांडू नका. महिन्यानं मॅच खेळा. जिंकेल तो वर, हरेल तो खाली!"

मी त्याच दुपारी तीन वर्षांची स्कोअरबुकं काढली. गेटवरचा उंच सुरक्षारक्षक, सगळे त्याला मनोरा म्हणतात: सरासरी चोवीस गुण. विक्री खात्यातला बाण, जो लांबून टाकतो आणि बोलतोही लांबूनच: बावीस. वर्कशॉपमधला तुफान, जो चेंडू आणि माणूस यांत फरक करत नाही: वीस. बेरीज सहासष्ट! पॅकिंगचा आजवरचा उच्चांक एकेचाळीस. मॅच खेळायची तरी कशाला? थेट खिडक्यांचे पडदे मोजायला घेतले असते तरी चाललं असतं.

आता हे तिघं भांडारात आणायचे. भांडारवाल्याला नाही कोण म्हणतो? मनोऱ्याला पाय मावतील अशी खुर्ची कबूल केली, बाणाला नवा पंखा, तुफानाला कुलपाचं कपाट. तरी तिघं घुटमळत होते. मग एकेकाला जिन्याखाली गाठून कानात सांगितलं, "शेवटचा शॉट तुझाच. आपल्या दोघांतच ठेव." तिघांनीही बदलीच्या अर्जावर लगेच सह्या ठोकल्या.

तीन आले म्हणजे तीन जायला हवेत. दोघं आपणहून गेले. तिसरे मी निवडले: आमचे मेहुणे. माझ्याच हाताखाली होते. वय सत्तेचाळीस. पोट असं, की हातात चेंडू धरला की लांबून दोन दिसावेत. स्कोअरबुकात अकरा मॅच, एकूण गुण शून्य! पॅकिंगमध्ये एक जागा रिकामीच होती.

"माझ्या दादाला शत्रूकडे धाडलंत?" बायको म्हणाली.

"शत्रूच्या घरात शून्य ठेवून आलोय. याला डावपेच म्हणतात."

"आणि ते तीन नवरदेव? तीन तिघाडा, काम बिघाडा! लिहून ठेवा."

"काय लिहायचं ते मला शिकवू नकोस!"

मेहुण्यांनी मात्र एवढंच विचारलं, "भावोजी, तिकडे मला खेळायला घेतील ना?"

"घेतील, घेतील!" मी म्हणालो. मनातून तर आग्रहच करत होतो.

सरावाच्या पहिल्याच दिवशी तिघांनाही एक नंबरचा शर्ट हवा झाला. मी अकरा, एकवीस आणि एकतीस असे तीन शर्ट दिले. प्रत्येकाच्या वाट्याला एक आला! पण चेंडूचं काय करणार? तो ज्याच्याकडे जाई, त्याच्याकडून भांडारातून नेलेल्या स्टेपलरसारखा कधीच परत येत नसे.

"अरे, पास दे की!" बाण ओरडायचा.

"तू मला शेवटचा कधी दिला होतास? तारीख सांग!" मनोरा म्हणायचा.

मी म्हटलं, चालायचंच. मोठी माणसं आहेत.

मॅचच्या दिवशी सकाळीच मी माझी खुर्ची तिसऱ्या मजल्यावर नेऊन खिडकीशी ठेवली, पाठीवर माझा टॉवेलही टाकला. मग खाली मैदानावर आलो.

पहिल्याच मिनिटात तुफानानं चेंडू हिसकावला! टाळ्या वाजल्या. पण हिसकावला कुणाकडून? आमच्याच मनोऱ्याकडून! पुढची सहा मिनिटं बाणाला चेंडू मिळाला नाही, तेव्हा तो रेषेबाहेर जाऊन पाणी पीत उभा राहिला.

"अरे, खेळ चालू आहे!" मी किंचाळलो.

"चेंडू आला की हाक मारा!"

आणि तिकडे आमचे मेहुणे! ते पळत नव्हते, उडी मारत नव्हते, बास्केटकडे तर बघतही नव्हते. मैदानाच्या मधोमध उभं राहून जो मोकळा दिसेल त्याला, "घे रे बाळा," म्हणून चेंडू देत होते. पत्ता घालून पाठवलेल्या पार्सलसारखा तो बरोबर पोचायचा. आयुष्यात चारच्या वर न गेलेल्या पॅकिंगच्या काडीपैलवान कारकुनानं चौदा गुण केले!

शेवटचे आठ सेकंद उरले. ते एकेचाळीस, आम्ही चाळीस. चेंडू आमचा. मी टाइमआउट घेतला. तिघं जवळ आले आणि तिघांनीही मला वेगवेगळा डोळा मारला.

"ठरल्याप्रमाणे ना, साहेब?" मनोऱ्यानं विचारलं.

"काय ठरलंय?" बाण.

"शेवटचा शॉट माझा."

"तुझा? मला शब्द दिलाय त्यांनी!"

"आणि मला काय श्लोक दिलाय?" तुफान गरजला.

तिघंही माझ्याकडे वळले. मी जाळीची वीण किती घट्ट आहे ते निरखू लागलो. तेवढ्यात शिट्टी झाली.

चेंडू बाहेरून आत टाकायचं काम आमच्या जुन्या, गरीब कारकुनाकडे होतं. त्याला नियमानं पाच सेकंद! समोर हातभर अंतरावर तिघं उभे. "मला!" "मला!" "मला!" बिचाऱ्यानं त्यांच्यामधून मान काढून मला विचारलं, "साहेब, कुणाच्या नावावर काढू?"

मी तोंड उघडलं. पाच सेकंद संपले! चेंडू पॅकिंगला मिळाला. मेहुण्यांनी तो पोटाशी धरला आणि घड्याळ थांबेपर्यंत कुणालाच दिला नाही. बारा मॅचमध्ये पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी खुर्ची खाली आणायला मेहुणेच आले. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं मी.

"तळघरात एक बरं असतं, भावोजी," ते म्हणाले. "ऊन लागत नाही."

बायकोनं संध्याकाळी एवढंच विचारलं, "लिहून ठेवलंत का?"

लिहिलेलंच होतं हो! मॅचचं सामान जमा करताना कार्ड हाती आलं. शर्ट, नग दहा. शिट्टी, नग एक. आणि त्याखाली, मी तिघांना परस्पर कबूल करून टाकलेला तो बास्केटबॉल: नग एक. सही माझीच.