ताईचा फ्रीज आणि माझं यंत्र

माझं आणि यंत्रांचं पहिल्यापासून सूत जुळतं. घरातल्या घड्याळाचा सेल मीच बदलतो, शेजाऱ्यांचा मिक्सर बंद पडला तर पहिली थाप मीच मारतो. त्यामुळे ताईने तिच्या औषधांच्या दुकानात फ्रीजचं तापमान नोंदवणारं बिनतारी यंत्र आणलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "माणूस कशाला बोलावतेस? मी आहे ना!"

त्या फ्रीजमध्ये इन्सुलिन आणि लसी असतात. तापमान दोन ते आठ अंशांत राहायला हवं. वर गेलं की औषधावर भरवसा नाही, आणि भरवसा नसलेलं औषध ताई गिऱ्हाइकाच्या हातात कधीच देत नाही. इतकी वर्षं दुकानातले जुने कंपाउंडर काका दिवसातून दोनदा काचेचा तापमापक बघून वहीत आकडा लिहायचे. आता नियम बदलला होता, आणि नवं यंत्र बघायला निरीक्षक बाई त्याच दुपारी चारला येणार होत्या.

"काका, तुमची वही आता रद्दीत," मी म्हणालो. "हे यंत्र दर मिनिटाला नोंद करतं. आणि एकदा नोंदलं की ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही."

"मग जपून नोंदवायला हवं," काका म्हणाले आणि गोळ्या मोजत बसले.

खोक्यात काडेपेटीएवढे दोन पांढरे ठोकळे निघाले. दोन कशाला? एक जास्तीचा असणार. माहितीपत्रक होतं, पण ते वाचायचं तर मग मी कशाला हवा होतो? ठोकळा आधी ताईच्या, मग माझ्या मोबाइलजवळ धरला, दोन्हींवर 'जोडले गेले' अशी हिरवी अक्षरं उमटली. हातातलं सगळं स्वेटरच्या आत शर्टाच्या खिशात कोंबलं, खोक्यातून ठोकळा उचलला आणि फ्रीजच्या मधल्या फळीवर चिकटवून टाकला. सकाळपासून अंगात कणकण होती, पण कामाच्या माणसाला असल्या गोष्टींकडे बघायला वेळ नसतो.

दहा मिनिटांत माझा मोबाइल आणि ताईचा मोबाइल एकदम कोकलायला लागले. तापमान एकोणतीस.

"अरे, हे काय?" ताईचा चेहरा उतरला.

"सकाळी तर पाच होतं," काका म्हणाले. त्यांनी फ्रीज उघडून काचेचा तापमापक पाहिला. "आत्ताही पाचच आहे."

"काका, तो तापमापक तुमच्या लग्नातला आहे," मी म्हणालो. "हे यंत्र खोटं बोलणार नाही."

मी फ्रीजपुढे गुडघे टेकले आणि छातीपर्यंत आत शिरून एकेक खोकं तपासलं. आश्चर्य म्हणजे आकडा उतरायला लागला! सव्वीस. चोवीस. बाहेर येऊन दार लावलं की पुन्हा वर. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच झालं. फ्रीजला माझा लळा लागला होता, दुसरा अर्थच निघत नव्हता.

एवढ्यात शेजारची फुलवाली मावशी इन्सुलिन न्यायला आली. तिची घरातली बाटली सकाळीच संपली होती.

"मावशी, जरा थांब," ताई म्हणाली. "फ्रीजचा भरवसा वाटत नाही. शंका आहे तोवर मी तुला काही देणार नाही."

"मग माझ्या फुलांच्या फ्रीजमध्ये ठेवा की," मावशी म्हणाली.

आम्ही औषधं पेटीत भरली. पेटी मी छातीशी घट्ट धरून नेली, काकांनी मागून आपला काचेचा तापमापक आणि वही आणली. फळीवरचा ठोकळाही मी सोबत घेतला आणि निशिगंधाच्या शेजारी ठेवला. मोबाइल म्हणाला, छत्तीस.

"मावशी, तुझाही फ्रीज गेला."

"जाईल कसा? गुलाब बघ, पहाटे तोडल्यासारखे आहेत."

"सहा अंश," काका पुटपुटले आणि वहीत लिहिलं.

मी शेवटचा उपाय काढला. मावशीकडच्या बर्फाच्या लादीवरच ठोकळा ठेवला. आकडा झाला सदतीस पूर्णांक एक. तीन वाजत आले होते. ताईने पेन काढलं आणि पहिल्या खोक्यावर 'निकामी' लिहायला घेतलं. मावशी खोक्याकडे बघत राहिली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, जरा थांबा," काका म्हणाले. त्यांनी वही मिटली. "चाळीस वर्षं औषधं विकतोय, पण सदतीस अंशांचा बर्फ पाहिला नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तुमचे दात का वाजतायत?"

"थंडी आहे."

काकांनी माझ्या कपाळाला हात लावला, मग सरळ स्वेटरच्या आत घालून खिशातून ठोकळा बाहेर काढला. मोबाइलशी जोडलेला. खरा. बर्फावर पहुडलेला होता तो जास्तीचा.

"फ्रीज ठणठणीत आहे," काका म्हणाले. "ताप यांना आहे."

ताई आधी हसली, मग रडली, मग मला एक धपाटा घातला, आणि मग पहिलं इन्सुलिन मावशीच्या हातात दिलं. मावशीने ते दोन्ही हातांनी घेतलं. मला खुर्चीत बसवून गोळी देण्यात आली. औषधं परत ताईच्या फ्रीजमध्ये गेली. यंत्र काकांनी बसवलं, माहितीपत्रक वाचून.

चारला निरीक्षक बाई आल्या. त्यांनी यंत्राने काढलेला तापमानाचा आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. ताईने काकांची वही पुढे केली. सकाळी पाच, दुपारी पाच, फुलांच्या फ्रीजमध्ये सहा. बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली.

"औषधांचं पटलं," त्या म्हणाल्या. "पण आलेखातली वाढ तशीच राहणार. कारण लिहावं लागेल."

ताईने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'सदर वेळेत यंत्र धाकट्या भावाच्या खिशात होते. औषधे सुरक्षित. भावाला ताप.'

बाईंनी खाली सही केली. दर तपासणीला तो शेरा मोठ्याने वाचला जातो, आणि मी काही बोलू शकत नाही. ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही, हे मीच सांगून बसलोय.