टायफून मुंबईत एकच आहे

आख्ख्या मुंबईत पिवळी टायफून एकच आहे, आणि ती आमच्या बाबांची आहे. हे वाक्य मी शाळेत, क्लासला, दातांच्या डॉक्टरांकडे तोंडात आरसा असताना, सगळीकडे बोललेय. आणि मी बोलले की लोक ऐकतात. गेल्या ऑगस्टपासून मी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेची विजेती आहे. त्याआधी मी वर्गात ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी लावायच्या.

टायफून ही स्पोर्ट बाइक. कंपनीने ती बनवणं मी बालवाडीत असतानाच बंद केलं. का? बाबांच्या मते, लोकांना चांगल्या गोष्टीची कदर नाही. आईच्या मते, लोकांना कंबर आहे. आई तिला टायफॉइड म्हणते.

देशभरातल्या टायफूनवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कोल्हापूरला दोन, इंदूरला एक, आणि मुंबईत फक्त ‘विनीत, लालबाग’, म्हणजे बाबा. कुणाची गाडी कायमची बंद पडली की ग्रुपवर सगळे हात जोडलेले फोटो टाकतात, आणि लगेच खाली कुणीतरी विचारतं, ‘आरसे देणार का?’

आता खरी गोष्ट. आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एकच टू-व्हीलर लावता येते, आणि आईला वडाळ्याच्या ऑफिसला जायला स्कूटर हवी होती.

“अहो, विका ना ती टायफॉइड.”

“दर्शना, मुंबईत एकच आहे ती. एकच असलेली वस्तू कुणी विकतं का?”

“डायनासोरही एकच उरला असता तर तो पार्किंगमध्ये बांधला असतात का?”

“बांधला असता,” बाबा म्हणाले. त्यांनी थोडा विचारही केला होता.

शेवटी गणपतीत, आरती झाल्याझाल्या, देवासमोर आईने जाहीर केलं, “एकच आहे तोवर राहू दे. ज्या दिवशी माझ्या डोळ्यांना दुसरी दिसेल, त्या दिवशी ही गाडी जागा खाली करेल आणि माझी स्कूटर येईल.” बाबांनी हसत हसत कबूल केलं. मीही केलं, कारण अठरा पूर्ण झाल्यावर टायफून मला मिळणार आहे.

दसऱ्याला सकाळी आईने मला दादरच्या फुलबाजारात पाठवलं. झेंडू, आपट्याची पानं, हळदकुंकू, लिंबं. बसने जा, बसने ये. फुलं घेतली, पिशव्या दोन्ही हातांना लटकल्या, आणि बघते तर आमच्या नेहमीच्या फुलवाल्या सुभद्रामावशींच्या गाळ्याशेजारी आमची टायफून उभी!

मला भरूनच आलं. बिचारे बाबा मला न्यायला आले. आजूबाजूला दिसेनात, म्हणजे चहा प्यायला गेले असणार. म्हटलं, येईपर्यंत पूजा उरकून त्यांना चकित करू. टाकीवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. हँडलला हार घातला. तो इतका लांब होता की पुढची नंबर प्लेट झाकली गेली. मीटरच्या फटीत आपट्याचं पान खोचलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. सुभद्रामावशींनी कौतुकाने दोन शेवंत्या फुकट दिल्या. मी डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तर समोर एक टक्कल पडलेले गृहस्थ. हातात किल्ली.

“काय चाललंय माझ्या गाडीवर?”

“तुमच्या?” मी म्हटलं. “काका, ही टायफून आहे. मुंबईत एकच आहे.”

“माहितेय मला. माझीच आहे ती.”

बघा किती निर्ढावलेला चोर! म्हणजे बाबा आलेच नव्हते, यानेच गाडी पळवून आणली होती. स्पर्धेत परीक्षकांनी मला सांगितलं होतं, आवाज पोटातून काढ. मी काढला.

“बंधूंनो आणि भगिनींनो! ऐन दसऱ्याच्या दिवशी एका बापाची गाडी पळवणारा हा माणूस बघा!”

माणसं जमायला काय वेळ लागतो? सुभद्रामावशींनी फुलांचं पाणी भरलेली बादली उचलून तयार ठेवली. मी बाबांना फोन लावला. “बाबा, आपली गाडी चोरीला गेली! चोर पकडलाय, फुलबाजारात या!”

“धरून ठेव, आलोच!” बाबांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात हवालदार आले. “कुणाची गाडी?”

“माझी,” आम्ही दोघं म्हणालो.

“नंबर सांग, मुली.”

आता मला सांगा, जी गोष्ट एकच आहे तिचा नंबर कशाला पाठ करायचा? सूर्याला नंबर आहे? “साहेब, ही मुंबईत एकच आहे. नंबरची गरजच नाही,” मी म्हटलं.

“ते बरोबर बोलली,” काका म्हणाले. “एकच आहे.”

“दोघांचं म्हणणं एकच, मग भांडण कशाचं?” हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “कागद आहेत?”

“घरी, करी रोडला. फुलं घ्यायला कुणी आरसी बुक आणतं का? किल्ली बघा ना, लागते की नाही.”

“चोराकडे किल्ली असतेच!” मावशी बादली सावरत म्हणाल्या.

आणि तेव्हा तो आवाज आला. घर्रर्र, खोकला, घर्रर्र. हा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. गर्दी बाजूला झाली आणि बाबा आले. हेल्मेट घालून, वाकून, भन्नाट वेगात.

पिवळ्या टायफूनवरून.

नाही, खरंच. गाडी चोरीला गेल्याचं कळल्यावर बाबा तीन जिने धावत उतरले, खालून गाडी काढली, आणि गाडीचा चोर पकडायला निघाले. मागे आई बसली होती. उतरली तेव्हा तिच्या केसांचं घरटं झालं होतं.

“लालबागपासून ओरडतेय मी,” ती म्हणाली, “अहो, आपण बसलोय कशावर? पण ह्यांच्या हेल्मेटात शिरेल तर शपथ.”

हवालदारांनी एकदा ही गाडी पाहिली, एकदा ती. मावशींनी बादली खाली ठेवली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, पण दादरला तेवढी मोकळी जमीन कुठे?

बाबा मात्र भांडायचंच विसरले. त्या दुसऱ्या टायफूनभोवती त्यांनी प्रदक्षिणा घातली. “ओरिजिनल सायलेन्सर?”

“ओरिजिनल. मी हितेंद्र, मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. तुमचे दोन्ही आरसे शाबूत?”

“शाबूत. तुम्ही ग्रुपवर कसे नाही?”

“गाडी एकच असताना ग्रुप कसला करायचा?”

दोघांचे डोळे पाणावले. एकमेकांना मिठी मारणार, तोच आई म्हणाली, “अहो.”

बाबा थिजले.

“दिसली मला दुसरी.”

मी मध्ये पडले. “आई, कायद्याने बघितलं तर...”

“तू गप्प. तूच दाखवलीस.”

बाबा टाकीवरून हात फिरवत राहिले. ते इतके लहान दिसायला लागले की मला माझ्या ट्रॉफीचाच राग आला.

तेव्हा हितेंद्रकाका घसा खाकरून म्हणाले, “वहिनी, विकू नका. करी रोडला माझं गोडाऊन आहे, तिथे उभी राहील. फक्त एक करा. आमच्या मंडळींना, प्रितीला, कळू देऊ नका. एकच आहे, एकच आहे म्हणत मी ती दारात लावतो, आणि तिची तुळस तिथे जागा नाही म्हणून कठड्यावर लटकतेय.”

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग बाबांकडे. “सगळीकडे हेच का?” ती म्हणाली. “ठेवा कुठेही. माझी जागा मोकळी करा.”

आता आमच्या पार्किंगमध्ये आईची राखाडी स्कूटर असते. तशा आमच्या रांगेतच इतक्या आहेत की आईने सीटला लाल रिबीन बांधलीय. एक टायफून हितेंद्रकाकांच्या दारात असते, एक गोडाऊनमध्ये. दर रविवारी दोघं चोरून त्यांची अदलाबदल करतात, म्हणजे दोन्ही चालत्या राहतात. प्रितीकाकूंना अजून वाटतं, मुंबईत एकच आहे. फक्त परवा त्या म्हणत होत्या, टाकीवरचा ओरखडा कधी असतो, कधी नसतो, गाडी जागृत आहे बहुतेक. आता त्या रोज तिला उदबत्ती ओवाळतात.

मी सुधारले. नंबर अगदी तोंडपाठ केलाय, झोपेतून उठवून विचारा. आता तो आपला की हितेंद्रकाकांचा, एवढंच बाबांना विचारायचं राहिलंय.