गावंडेभाऊंचं बर्फातलं घर

भर जुलैत गाडीचा हीटर लावून, वर कानटोपी चढवून, "आज जरा गारठा आहे ना?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहतो. इथं आयर्लंडमध्ये, आम्ही राहतो त्या ओंगारहून सँट्रीच्या ऑफिसात गावंडेभाऊ मला त्यांच्या गाडीतून नेतात आणि पोचेपर्यंत माझा शर्ट पिळून घ्यावा लागेल इतका भिजतो. फुकट जायचं आणि मनातल्या मनात नेणाऱ्यालाच शिव्या द्यायच्या, याची मला फार टोचणी लागते. पण खिडकीच्या बटणाकडे हात गेला की भाऊ ओरडतात, "काऊन? मारून टाकता का बाप्पा!"

भाऊ नागपूरचे. आयर्लंडला येऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचं अंग अजून तापायचं आहे. शेजारचा आयरिश म्हातारा कुंपणावरून "ग्रँड डे!" म्हणाला की भाऊ माझ्याकडे वळून मराठीत विचारतात, "हे ग्रँड, तर मग खराब कसं राहते?" इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. भाऊ त्याला 'आपलं नागपूर' म्हणतात. कानटोपी रात्रभर तिथं शेकत असते. फारच थंडी पडली तर भाऊ स्वतःही आत डोकं घालून उभे राहतात. एकदा मी दार वाजवलं तर आतून घुमल्यासारखा आवाज आला, "या भाऊ, मी नागपुरात आहे!"

अशा माणसानं ऐन हिवाळ्यात एका सोमवारी गाडीत जाहीर केलं, "बल्गेरियात एक फ्लॅट पाहून राहिलो. स्कीच्या गावात."

मी घाम पुसत होतो. "स्की म्हणजे बर्फावरचं?"

"नाही तर काय, वाळूवरचं?"

"तुम्ही स्की करणार?"

"पागल झाले काय! नुसतं पाहून येऊ. घेऊन कोण राहिलं? तुम्ही सोबत चला, एकापेक्षा दोन डोकी बरी."

वहिनी आईच्या आजारपणामुळे सध्या नागपूरला असतात. त्यांनी फोनवरच हात टेकले. "अहो, तुम्ही फ्रिज उघडला तरी शिंकता!"

विमानातून उतरताना भाऊंच्या अंगावर एकावर एक इतके कपडे होते की त्यांचे हात खाली येत नव्हते, दोन्ही बाजूंना तरंगत होते. घ्यायला आलेल्या बाईंचं नाव देसिस्लावा. "मला देसीच म्हणा," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

भाऊंचा चेहरा उजळला. "पाहा! इथंही आपली देसी बाई!" तेव्हापासून त्या देसीताई झाल्या.

फ्लॅट छोटाच होता. बैठकीची खोली, आत एक लहान खोली, पुढे गच्ची आणि त्यापुढे नुसता पांढरा डोंगर. भाऊंनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, चहा मिळेल?" देसीताईंनी मान वर-खाली केली. भाऊ खूश होऊन बसले. चहा काही येईना. मग त्यांनी विचारलं, "हीटर तरी चालतो का?" ताईंनी हसत मान आडवी हलवली. भाऊ पांढरेफटक पडले. मी हीटरला हात लावून पाहिला. चांगला कडकडीत तापलेला होता.

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला, तेवढ्यात ताई भाऊंना गच्चीवर घेऊन गेल्या. वारा असा की डोळे उघडेनात. ताईंनी विचारलं, "मग, घेणार ना?" भाऊंचे दात वाजत होते, तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी जिवाच्या आकांतानं मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. म्हणजे नको, नको, आधी आत चला!

देसीताई आनंदानं किंचाळल्या. त्यांनी भाऊंना सगळ्या स्वेटरांसकट मिठी मारली आणि कागद आणायला खाली पळाल्या.

मी हसलो. खोटं कशाला बोलू, भिंतीला धरून हसलो. शिवाय ओंगारच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा, 'भाऊंनी कुडकुडत फ्लॅट घेतला!' हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग मात्र मला कसंतरीच वाटलं. ज्यानं इथवर विश्वासानं आणलं, त्याची मी गावभर शोभा करत होतो. मी भाऊंना घाईघाईनं समजावलं, "अहो, इथं उलटं आहे. आडवी मान म्हणजे हो आणि उभी म्हणजे नाही. अजून सही झालेली नाही. ताई वर आल्या की मान उभी हलवा. उभी! सुटाल."

भाऊ हसतील असं मला वाटलं होतं. "थांबा जरा," एवढंच ते म्हणाले. आतल्या लहान खोलीत गेले, पलंगावर बसले. कानटोपी काढली, हातानंच केस नीट केले आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला. गार्गी आयर्लंडमध्येच, कॉर्कच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे.

"बाबा? आर यू ओके? व्हेअर आर यू?"

"तुझ्या स्कीच्या गावात! दर ख्रिसमसला तू मैत्रिणींसोबत येतेस ना, तिथंच."

दर ख्रिसमसला भाऊ आमच्याकडे जेवायला असतात. "पोरीला सुट्टी कुठं राहते," म्हणतात. आम्हाला वाटायचं, मसालेभातासाठी येतात.

"हे पाहा, ही खोली तुझी," भाऊ फोन चारी भिंतींवरून फिरवत होते. "हीटर जबरा आहे. तुझ्या मैत्रिणी बाहेरच्या खोलीत मावतील, हॉटेल काऊन पाहिजे? तुम्ही दिवसभर घसरा अन् संध्याकाळी इकडे या. मी तर्री-पोहे करून ठेवीन."

"बट बाबा, यू हेट स्नो!"

"मी कुठं बर्फात येऊन राहिलो? मी खिडकीतून पाहीन ना तुला." मग जरा थांबून, आवाज उतरवून, "येशील ना?"

गार्गी हसली. हसता हसता तिनं मान हलवली. "यू'र प्युअर मॅड, बाबा." मागून तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

तिला येणार नाही म्हणायचं होतं, की या बाबांपुढे काय बोलायचं असं म्हणायचं होतं, मला कळलं नाही. भाऊ बंद फोनकडे बघत बसले होते.

"हलवली ना तिनं मान? तुम्ही पाहिली ना?"

"पाहिली."

"कशी हलवली?"

"आडवी, भाऊ."

"आडवीच ना? मग झालं तर. इथं त्याला हो म्हणतात."

देसीताई कागद घेऊन दारात उभ्या होत्या. भाऊ उठले. त्यांचे दात आता वाजत नव्हते. ताईंकडे बघून त्यांनी सावकाश, नीट, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मान हलवली.