ससा की किल्ला

"ज्याला घनभूमिती येते, त्याला या जगात चकवणारा अजून जन्माला यायचाय!" रविवारी सकाळी दाढी करता करता अनंतराव सरांनी जाहीर केलं.

"साबण कानात गेलाय," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि पोह्यांना फोडणी घालायला गेल्या. नवऱ्याची घोषणा ऐकून घ्यायची आणि कामाला लागायचं, हा त्यांचा संसारातला जुना शिरस्ता होता.

अनंतराव म्हणजे लातुरातले भूमितीचे सर. आणि त्या काळात लातुरात भूमितीचे सर असणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती महाराजा! घर तिथं क्लास आणि खोली तिथं होस्टेल झालं होतं. भोकरपासून औशापर्यंतची पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरायची आणि स्टँडवरच विचारायची, "मॅथ्सला कोण चांगलं?" रिक्षावालेसुद्धा गेल्या वर्षीची मेरिट लिस्ट तोंडपाठ म्हणून दाखवायचे. अशा या गावात सरांचे 'अनंत क्लासेस' एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर झोकात चालले होते. पण गेल्या दिवाळीत खालच्या गाळ्यात रेणापूरच्या वैजनाथनं गेम सेंटर काढलं, आणि सरांची झोप उडाली.

त्यांनी तडकाफडकी नियम काढला. गेम सेंटरात जो दिसेल त्याचं क्लासातून नाव कमी! मुलगा असो, मुलगी असो, कोणाच्याही पोटची असो!

इमारतीचे मालक अण्णाराव हे औशाचे बडे बागायतदार. त्यांची लेक सृष्टी सरांच्याच क्लासला होती. त्यांनी रविवारी संध्याकाळी वर क्लासातच पालकांची सभा बोलावली आणि सरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "सर, वैजनाथ लई गयावया करायलाय. त्याच्याकडं म्हणं दोन जातीचे गेम हायत. एक चपटा, एक खोल. त्यातला एक तरी राहू द्या म्हणतोय. कोणत्यानं डोकं चालतंय आन् कोणत्यानं बिघडतंय, ते तुम्ही सभेत खुलासा करून सांगा. तुम्ही सांगाल ते ठिवू, दुसरं उचलून रस्त्यावर!"

आता आली का पंचाईत! समोरच्या क्लासवाल्यानं 'चित्रांसह भूमिती' असा भलामोठा बोर्ड लावून ठेवलेला. साठ पालकांसमोर सरांची जीभ घसरली असती, तर निम्मी बॅच रस्ता ओलांडून पलीकडे गेली असती.

"उत्तर सोपं आहे," पोहे खाताना सर म्हणाले. "रेषेपेक्षा चौकोन मोठा, चौकोनापेक्षा ठोकळा मोठा. दोन मितींपेक्षा तीन मिती श्रेष्ठ. थ्री-डी ठेवा, टू-डी फेका. संपली सभा!"

"पण बाबा," बारावीतली मुग्धा म्हणाली, "टू-डीत सगळं समोर दिसतं. थ्री-डीत अर्धा वेळ आपण कुठं आहोत हेच शोधण्यात जातो."

"तुला काय माहीत?"

"ऐकलंय. मैत्रिणीकडून," असं म्हणून मुग्धा पोह्यांतले शेंगदाणे फार मन लावून वेचू लागली.

पण सरांच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. माणूस पहिल्यापासून चौकस. उदाहरण स्वतः सोडवल्याशिवाय सिद्धांत फळ्यावर मांडायचा नाही, हा त्यांचा बाणा. दिवसभर ते खिडकीशी उभे राहून एक डोळा मिटून समोरची पाण्याची टाकी बघत राहिले. एका डोळ्यानं चपटी दिसते का? दोन डोळ्यांनी फुगते का? शेवटी त्यांना राहवेना. सभेला तासभर असताना "वर खुर्च्या लावून घे, आलोच," असं प्रेमलाबाईंना सांगून ते मागच्या बोळातून वैजनाथच्या अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले.

"या की सर, या!" वैजनाथ खुर्ची पुसत म्हणाला. "पण तुमचा नियम..."

"नियम विद्यार्थ्यांना. मी निरीक्षक आहे."

"हाव, ते बी खरंच की!"

"त्या पडद्यामागे काय आहे?"

"तिकडं? तिकडं... दुरुस्तीचं सामान हाय सर! बसा तुम्ही, इकडं तोंड करून बसा!"

पहिल्यांदा ससा लागला. एका जुन्या टीव्हीवर पांढरा ससा गाजरं वेचत उजवीकडे पळत होता.

"फक्त उजवीकडेच?" सरांनी विचारलं.

"डावीकडं जाऊन काय करायचंय? काईच न्हाई तिकडं."

सर खूश झाले. एक अक्ष, एक दिशा, भानगड नाही! एवढ्यात ससा आडात पडला. दुसऱ्या खेपेला पुन्हा त्याच आडात पडला. तिसऱ्या खेपेला आड आला तेव्हा सर स्वतः खुर्चीतून वीतभर उडाले आणि ससा मात्र जमिनीवरून सरळ आडात गेला.

"सर, तुम्ही न्हाई उडायचं. बटण दाबायचं!"

पण हळूहळू सरांना गोडी लागली. आड जिथं होता तिथंच दर वेळी होता. काही लपवाछपवी नाही! सगळं फळ्यावर मांडलेल्या गणितासारखं उघडं. पडलो तर चूक आपली, हे लगेच कळत होतं. सशानं तिसरी गाजरवाडी ओलांडली तेव्हा सरांनी वैजनाथला टाळी दिली आणि मग त्यांना एकदम धास्ती वाटली. मुग्धाचं बरोबर होतं की काय?

"आता तो खोलवाला लाव."

खोलवाला गेम कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर होता. पडद्यावर भलामोठा किल्ला उभा राहिला.

"तुम्ही रणगाड्यात बसलाव, सर."

"कुठाय रणगाडा?"

"तुम्ही आत हायत ना, मग कसा दिसंल?"

सर थक्क झाले. बघणारा चित्राच्या आत! असं तर त्यांनी उभ्या आयुष्यात शिकवलं नव्हतं. त्यांनी उत्साहानं हातातला जॉयस्टिकचा दांडा फिरवला, तसा अख्खा किल्ला गरकन फिरला आणि सकाळचे पोहे घशाशी आले. टेबल घट्ट धरून डोळे उघडले तर समोर नुसता तपकिरी रंग.

"किल्ला कुठं गेला?"

"भिंतीला तोंड लावून उभे हायत तुम्ही."

"मला कळतंय!" सर म्हणाले. त्यांना काही कळत नव्हतं. भिंतीच्या कडेनं पलीकडचं दिसावं म्हणून ते इतके तिरपे झाले की त्यांचा कान वैजनाथच्या खांद्याला टेकला. तरी दिसेना, तेव्हा त्यांनी उठून कॉम्प्युटरच्या मागं डोकावून पाहिलं. तिथं वायरी आणि धूळ होती. औशाच्या खऱ्या किल्ल्यात दर वर्षी सहल नेणारे सर तिथं कधी चुकले नव्हते. इथं मात्र त्यांना साधा दरवाजा सापडत नव्हता.

आणि गंमत म्हणजे त्यांना त्याचा राग येत नव्हता! भिंतीपलीकडे काय असेल? दरवाजा? दुश्मन? दुसरी भिंत? सशाच्या खेळात पुढचं दिसत होतं म्हणून मजा होती, इथं दिसत नव्हतं म्हणून मजा होती. मग श्रेष्ठ कोण? सरांना इतका सुंदर प्रश्न कित्येक वर्षांत पडला नव्हता. त्या नादात सभा, पालक, खुर्च्या सगळं ते साफ विसरले.

"ही भिंत पाडता येईल का रे?"

"तोफ हाय की. पण आवाज लई व्हतो, सर. स्पीकरचा खोका वर माळ्यावर ठिवलाय, थेट तुमच्या फरशीला टेकून. क्लास असला की मी बारीकच ठिवतो."

"आज रविवार! क्लास कुठाय? प्रयोग करायचा तर पुरता करावा. वाढव आवाज! अजून! अजून वाढव!"

आणि सरांनी तोफ डागली.

वर काय झालं ते सरांना पुढं प्रेमलाबाईंकडून आठवडाभर ऐकावं लागलं. खुर्च्या भरल्या होत्या, चहा फिरत होता आणि "सर येतीलच, अभ्यास करायलेत," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. तेवढ्यात पायाखालची फरशी थरारली. कप बशीत किणकिणले. साठही माणसांनी आधी पंख्याकडे पाहिलं. पंखा डुलत होता!

"हाललं!"

हा शब्द लातुरात कोणी गमतीत उच्चारत नाही. भूकंपाची ती पहाट होऊन वर्षं लोटली, पडलेली गावं पुन्हा बांधून झाली, तरी ज्यांनी ती पाहिली त्यांच्या पायांना ती अजून आठवते. तेव्हा सगळं शहर कित्येक रात्री अंगणात आणि मैदानात झोपलं होतं. म्हणून इथला माणूस आधी पळतो आणि मग विचारतो.

साठही जण इमारतीशेजारच्या मैदानाकडे पळाले. कोणी चप्पल शोधली नाही. अण्णाराव बशी हातात धरूनच जिना उतरले.

खाली सरांच्या डोक्यावर चुन्याचे पोपडे पडले, वर पावलांची धडधड झाली आणि जिन्यातून आरोळी आली, "भूकंप! भूकंप!" सरही शेवटी लातूरचेच. मिती, अक्ष, तोफ सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

"पळा! बाहेर पळा!" सर ओरडले.

तसा पडदा बाजूला झाला आणि 'दुरुस्तीचं सामान' किंचाळत बाहेर आलं. त्यात सृष्टी होती, आणि तिच्या मागं मुग्धा! आश्चर्य करायला वेळ नव्हता. सरांनी दोघींना आधी शटरखालून बाहेर ढकललं, मग स्वतः वाकले, शटर कपाळावर घेतलं आणि मैदानात येऊन पडले.

"सर, ओ सर! भूकंप न्हाई हो..." वैजनाथ आतून बोंबलत होता. त्याचं कोण ऐकतंय!

मैदानात अण्णारावांनी सृष्टीला छातीशी धरलं. एवढा दांडगा माणूस, पण हुंदका आवरेना.

"बघा, लोकहो!" ते म्हणाले. "आपण सगळे आपापला जीव घेऊन पळालो, आन् सर पोरींना काढायला दुकानात घुसले! ह्याला म्हणायचं गुरू!"

टाळ्या पडल्या. सरांनी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, शपथ! पण साठ माणसांच्या टाळ्या फार वाईट असतात.

"कर्तव्य होतं ते," सर म्हणाले.

"आणि हे हातात कसलं कर्तव्य आहे?" प्रेमलाबाईंनी विचारलं. सरांच्या मुठीत गेमचा दांडा होता, आणि त्याची तुटकी वायर गुडघ्यापर्यंत लोंबत होती.

इतक्यात पुन्हा धडाम झालं. सगळे मटकन खाली बसले. परत धडाम! थोडं थांबून परत!

"सर," अण्णाराव बसल्या बसल्या म्हणाले, "भूकंप असा ताल धरून येतोय का हो कधी?"

सर काही बोलायच्या आत शटरखालून वैजनाथचं डोकं बाहेर आलं.

"सर! तुम्ही निघून आलाव, पण दुश्मन अजून तुमच्यावर तोफा मारायलाय! भूकंप बंद करू, का सेव्ह करून ठिवू?"

सगळ्यांची नजर दांड्यावर, दांड्यावरून वायरीवर आणि वायरीवरून सरांच्या कपाळावरच्या टेंगळावर गेली. धरणीनं पोटात घ्यावं असं सरांना वाटलं; पण लातुरात उभं राहून असलं काही मागणंही बरं नव्हतं.

पहिल्यांदा अण्णाराव हसले. मग सगळं मैदान हसत सुटलं. घाबरलेला माणूस सुटला की जसा हसतो तसे, डोळे पुसत पुसत हसले.

"बरं झालं, खोटा निघाला!" अण्णाराव म्हणाले. "पण आता खुलासा करा सर. कोणतं ठिवायचं, कोणतं काढायचं?"

सरांनी टेंगूळ चोळलं. समोरचा क्लासवाला गॅलरीत येऊन कान देऊन ऐकत होता. बॅच जायची असेल तर आत्ताच जाणार होती.

"सशात सगळं दिसतं, म्हणून माणूस नेमका होतो," सर म्हणाले. "किल्ल्यात काही दिसत नाही, म्हणून माणूस शोधायला लागतो. कोण श्रेष्ठ, हे मला... हे मला खरंच ठरवता आलं नाही. दोन्ही ठेवा. फक्त माळ्यावरचा तो खोका काढा!"

"आणि बाबा, नियम?" मुग्धानं हळूच विचारलं. "जो दिसेल त्याचं नाव कमी..."

"कोणाच्याही पोटची असो," प्रेमलाबाईंनी पुरवणी जोडली. "सासूबाईंच्यासुद्धा!"

नियम तिथल्या तिथं रद्द झाला.

सोमवारी सर वर्गात शिरले. निम्मे बाक रिकामे असणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण बाक गच्च भरलेले होते, आणि समोरच्या क्लासची काही पोरंसुद्धा सरांचं टेंगूळ बघायला येऊन मागं उभी होती. सरांनी घसा खाकरला, फळ्याकडे तोंड केलं आणि भारदस्त आवाजात नेहमीचा प्रश्न विचारला.

"सांगा, मिती किती?"

"चार, सर!" सगळा वर्ग ओरडला.

"चार? कोणत्या?"

"लांबी, रुंदी, उंची आणि खालचा मजला!"

सरांनी एकदा पंख्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं उत्तर बरोबर धरलं.