आठवी दांडी

आमच्या निलंग्याच्या गल्लीतले चंद्रशेखर अप्पा बायकोशी माईकवर बोलतात. माईक ओसरीत, स्पीकर स्वयंपाकघरात. "गंगे, चहात साखर कमी टाक," हे गंगाक्कांच्या आधी सगळ्या गल्लीला कळतं.

अप्पांचा पूर्वी लाऊडस्पीकरचा धंदा होता. अक्कांना ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा त्यांनी कानातलं यंत्र आणलं. "कानात भुंगा शिरल्यावानी वाटतंय," म्हणून अक्कांनी ते डब्यात ठेवून दिलं. मग अप्पांनी धंद्यातला जुना इक्वलायझर माळ्यावरून काढला. त्याला ओळीनं दहा सरकत्या दांड्या. डावीकडच्या जाड आवाज वाढवतात, उजवीकडच्या बारीक. अक्कांचे बारीक आवाज गेलेत, म्हणून अप्पांचं बोट कायम आठव्या दांडीवर.

"'गंगे' तिला ऐकू येतंय, पण साखरेतला 'स' गळून जातोय," ते सांगतात. "मी तो 'स' उचलून तिच्या कानात टाकायलोय."

भोंग्यांच्या मी विरोधात आहे. आवाजाच्या जोरावर दुसऱ्याला गप्प करणं ही गुंडगिरी आहे, असं पत्रक मी लिहिलं आणि घरोघर वाटलं. अप्पांनी ते माईकवर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. "मजकूर कडक हाय," त्यांनी जाहीर केलं, "पण लई लांब. गंगेची भाकर करपली."

पत्रकातला एकही शब्द मी मागं घेतलेला नाही. अप्पा कुणाला गप्प करत नाहीत, ते उत्तर मागतात. फरक आहे.

गेल्या उन्हाळ्यात आठवी दांडी झिजली. हलवली की खरखर, आणि बोलणं मधेच गुडूप. तरी अक्का प्रत्येक गोष्टीला "हाव" म्हणायच्या. अप्पांना संशय आला. एका सकाळी ते माईकवर म्हणाले, "गंगे, मी आता मरून जातो बघ."

"हाव," आतून उत्तर आलं, "जेवून जावा."

गल्ली खो खो हसली. अप्पांनी माईक बंद केला, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांचा आवाज आला नाही. तशी दांडी शोधायला ते नांदेडच्या भंगार बाजारापर्यंत जाऊन आले. मिळाली नाही. शेवटी त्यांनी मला हाक मारली.

"पत्रकवाली, ये, ब्याटरी धर."

दांडी खोलली. आत काळी पट्टी, तिच्यावर घासत फिरणारा पितळी काटा. रोज जिथं घासला, तिथला काळा थर उडालेला. अप्पांनी चिमट्यानं काट्याची बारीक टोकं केसभर बाजूला वाकवली.

"मधली वाट मोडलीय," ते म्हणाले. "कड अजून कोरी हाय. कडंकडंनं जायचं."

स्पिरिटच्या बोळ्यानं पट्टी पुसून झाली, झाकण लागलं, माईक हातात आला, आणि अप्पा तो धोतरानं पुसतच राहिले.

"बोला की," मी म्हणाले.

"गंगे, ऐकू येतंय का?"

"हाव."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. या "हाव"चा त्यांना भरवसा उरला नव्हता.

"काय म्हणलो, सांग."

"ऐकू येतंय का, म्हणलात." आतली भांडी वाजायची थांबली. "पण तुमचा आवाज का असा कापायलाय?"

अप्पांनी माईक थोडा लांब धरला.

"मशिन जुनं झालंय, गंगे."