कर्णिककाकांची माफी

शनिवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. व्हिसा नवा, नोकरी नवी, घर भाड्याचं. एवढ्या सकाळी आलेला माणूस काहीतरी वाईटच सांगणार, या खात्रीने मी दार उघडलं. बाहेर सत्तरीचे एक गृहस्थ उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, हातात केळ्यांची फणी.

"मी शेजारचा कर्णिक. काल मी तुझ्याबद्दल मनात एक वाईट विचार केला. माफी मागायला आलोय."

"काय विचार केलात?"

"हेच, की ही आयटीतली मुलं एवढी शिकलेली, पण कचरा वेगळा करत नाहीत. मग म्हटलं, हिला कौन्सिलचं पत्रक मिळालंय की नाही, ते तरी आपण विचारलं का? अन्याय झाला तुझ्यावर. ही घे केळी. फेअरट्रेड आहेत, शेतकऱ्याला रास्त भाव दिलेली."

दोन हजार सहाची ही गोष्ट. पुढची दोन वर्षं मी काकांच्या शेजारी काढली आणि त्या काळात त्यांनी माझी अकरा वेळा माफी मागितली. त्यातल्या नऊ वेळा त्यांनी माझं काय वाईट केलं होतं, ते त्यांनाच मला समजावून सांगावं लागलं.

काका इथल्या एका कारखान्यात टूलरूम इन्स्पेक्टर होते. आयुष्यभर मायक्रोमीटरने लोखंड मोजलं, आणि रिटायर झाल्यावर त्याच बारकाईने ते स्वतःला मोजायला लागले. "यात कुणावर अन्याय तर होत नाही ना?" हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न. सुपरमार्केटमध्ये नवीन सेल्फ-चेकआउट मशिनं आली, तर काका तिकडे फिरकायचे नाहीत. काउंटरवरच्या मुलींच्या नोकऱ्या जातील. मग रांग कुठली? सगळ्यात हळू काम करणारीची. "तिच्याकडे कुणीच गेलं नाही तर तिला काय वाटेल?" बसमध्ये कुणा बाईला उठून जागा द्यायचे आणि पुढचे चार स्टॉप घाम पुसत उभे राहायचे. "मी तिला म्हातारी म्हटलं, असं नाही ना वाटलं तिला?" एकदा ते विचारायला परत गेले. बाई भडकली. मग त्याची माफी.

मराठी मंडळाच्या गणपतीत तर त्यांनी कहरच केला. कुणाला ॲलर्जी असेल म्हणून शिऱ्यातल्या प्रत्येक जिनसाची यादी पातेल्याला चिकटवली. इथे जन्मलेल्या पोरांसाठी आरती रोमन लिपीत छापून आणली. पोरं खूश झाली, पण काका मखराशेजारी अस्वस्थ. "अगं मृदुला, ज्यांचे चष्मे घरी राहिलेत त्यांचं काय?"

काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. दर रविवारी काका युनिटेरियन चॅपलला जात. ते काही ख्रिश्चन झाले नव्हते. "आमच्याकडे कुठला देव मानतोस, असं कुणी विचारत नाही. कसा वागतोस, एवढंच विचारतात," असं ते सांगायचे. वीस-बावीस माणसं जमायची, एका पेल्यात ज्योत लावायची आणि मग कुणीतरी सभासद बोलायचा. शेजारधर्म, वंशभेद, रोजच्या जगण्यातला न्याय, असे विषय.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये काकांची बोलायची पाळी आली. विषय त्यांनीच निवडला: 'अन्याय होताना पाहणारा माणूस.' आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं.

रोज संध्याकाळी ते माझ्याकडे तालमीला यायचे. मी ऑफिसमधून दमून आलेली, व्हिसाच्या मुदतवाढीचं पत्र अडकलेलं, आणि समोर टाय लावलेले काका. दोन पानं फर्डं इंग्रजी. तिसऱ्या पानाच्या सुरुवातीला थांबायचे. कागदाच्या घड्या घालायचे.

"पुढे काय आहे, काका?"

"पुढे विशेष काही नाही."

आठ दिवस हेच. माणसाचा चेहरा उतरत चालला होता. ह्यांचं हृदयबिदय बिघडलंय की काय, अशी मला धास्ती. म्हणून त्या रविवारी मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले आणि मागच्या बाकावर बसले.

दोन पानं झाली. तिसरं पान काकांनी उघडलं, आणि मिटलं. चॅपलमध्ये कुणीतरी खोकलं. मी हातातली पर्स घट्ट धरली.

"माझ्या बेंचवर गुरदयाल सिंग नावाचा मित्र होता," काका कागदाकडे न बघता बोलायला लागले. "तीस वर्षांपूर्वी. मी माप चुकलेल्या शाफ्टचा एक लॉट पास केला. फोरमन काही चौकशी न करता धरून चालला, की चूक पगडीवाल्याची. मी शेजारी उभा होतो. माझा प्रोबेशनचा शेवटचा महिना होता. मी काही बोललो नाही. त्याला प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकायच्या यंत्रांवर पाठवलं. मला बढती मिळाली." मग ते म्हणाले, "थँक यू," आणि खाली बसले.

नंतर चहाच्या वेळी सगळे त्यांच्याशी फार प्रेमाने वागले. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी 'किती धैर्य लागलं असेल' म्हणालं. ऐंशीच्या मॉरीनबाई तेवढ्या बिस्किट बुडवत म्हणाल्या, "आणि तो काय म्हणाला, तुम्ही त्याला सांगितलंत तेव्हा?"

"त्याला नाही सांगितलं."

"मग चुकीच्या माणसांना सांगितलंत की हो, डिअर."

काका गाडीत येऊन बसले ते थेट म्हणाले, "फोलशिलला घे. गुरदयाल तिथे राहतो."

"पत्ता माहितेय तुम्हाला?"

"पाठ आहे."

वीस मिनिटांच्या रस्त्यात त्यांनी तीनदा परत फिरायला सांगितलं. रविवार आहे, जेवत असतील. बरं नसेल त्याला. जिवंत तरी असेल का? मी गाडी फिरवली नाही. तो माणूस दार आपटून बंद करेल आणि ह्या म्हाताऱ्याला मला घरी न्यावं लागेल, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

दार सुनेने उघडलं. पुढच्या खोलीत पांढऱ्या दाढीचे सरदारजी खिडकीपाशी बसलेले. त्यांनी काकांना क्षणात ओळखलं. "कर्णिक!"

काका त्यांच्यासमोर बसले आणि खालमानेने, अगदी हळू बोलायला लागले. सरदारजींनी कानामागे हात धरला. "ज़ोर से बोल. प्रेस शॉप ने कान खा लिए."

काकांचा चेहरा पांढरा पडला. चॅपलच्या कागदात कानांचं कुठे काही नव्हतं. मग जी गोष्ट त्यांनी त्या सकाळपर्यंत तीस वर्षं कुजबुजतसुद्धा कुणाला सांगितली नव्हती, ती त्यांना ओरडून सांगावी लागली. "शाफ्ट! वो शाफ्ट मैंने पास किए थे!" स्वयंपाकघरातून सून डोकावली. फुटपाथवरून जाणारा एक माणूस खिडकीशी थबकला.

"पता है," सरदारजी म्हणाले.

"पता है?"

"उसी दिन से. कार्ड पे तेरी लिखाई थी. तेरी बीवी पेट से थी, नौकरी कच्ची थी. मैं क्या बोलता?" ते थोडं पुढे झुकले. "शाफ्ट का समझ में आया. रोटी का नहीं आया. तूने कँटीन में मेरे साथ बैठना क्यों छोड़ा? तेरा डब्बा, मेरा डब्बा, रोज़ साथ खुलता था. फिर तू आया ही नहीं. मैं आज तक सोचता हूँ, मैंने तुझे ऐसा क्या बोल दिया था?"

रोज सगळ्या जगाच्या अपमानाची काळजी करणाऱ्या काकांना, गुरदयाल स्वतःलाच दोष देत बसला असेल, हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांचा टाय वाकडा झाला होता.

"तूने कुछ नहीं बोला था," शेवटी ते म्हणाले.

सरदारजींनी कानामागे हात नेला.

"तूने कुछ नहीं बोला था, गुरदयाल! कुछ भी नहीं!" काका सगळी ताकद लावून ओरडले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

सरदारजींचा हात कानामागेच राहिला. "फिर से बोल," ते म्हणाले.

ह्या वेळी त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं, की पुन्हा ऐकायचं होतं, ते मला कळलं नाही. काकांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि पुन्हा सांगितलं.